तापलेलं पोर कुणाच्या मांडीवर?

(माणिकपूर येथे घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या बाया आणि त्यांच्याकडे मुलं ठेवणाऱ्या नोकरदार आया यांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)

आजच्या बैठकीचा विषय कळवला तेव्हा दोघी-तिघींनी मला विचारलं, "ताई, हा काय विषय झाला? मारहाण, पोटगी, हुंडा हे सगळं सोडून आजारी मुलांवर बैठक?" प्रश्न बरोबर आहे. पण आमच्या सल्ला केंद्रात गेल्या काही वर्षांत बाई विरुद्ध बाई अशी जी भांडणं आली, त्यांत सासू-सुनेच्या खालोखाल पाळणाघरवाली आणि मुलाची आई यांचीच आहेत. आणि त्यातली बरीचशी एकाच वाक्यापाशी सुरू होतात. एक म्हणते, "आजारी पोर माझ्या दारात टाकून गेली." दुसरी म्हणते, "मुलाच्या कपाळाला हात लावला आणि मला दारातूनच परत पाठवलं." दोघी रडतात. दोघींचं म्हणणं खरं असतं. म्हणून आज दोघींना एकाच सतरंजीवर बसवलं आहे.

आधी माणिकपूरची सकाळ डोळ्यांसमोर आणू. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की अंबाडी रोड, माणिकपूर नाका, नवघर. जिथे वाड्या आणि भातशेती होती तिथे आता इमारतींच्या रांगा आहेत. इथल्या जुन्या कुटुंबांत आजी, काकी, मावशी हाकेच्या अंतरावर असायच्या. आपण मात्र मुंबईत जागा परवडेना म्हणून इथे आलो. सासर कोकणात, माहेर घाटावर. नोकरी मात्र अंधेरीला, दादरला, चर्चगेटला. चर्चगेटपर्यंत गाडीत सव्वा तास, आणि चढायला मिळालं तर. १९९२ साली पश्चिम रेल्वेने बायकांसाठी वेगळी लोकल सुरू केली आणि पुढच्याच वर्षी ती विरारपर्यंत आणली, यावरून कळावं की इथून रोज किती बाया कामाला जातात. या बायांची मुलं सांभाळायला ज्या दुसऱ्या बाया उभ्या राहिल्या, त्या म्हणजे तुम्ही, पाळणाघरवाल्या. एका हॉलमध्ये सहा-आठ मुलं, स्वयंपाकघरात दूध उकळतंय, आतल्या खोलीत म्हातारी सासू झोपलेली. हाताखाली मदतीला कुणी नाही.

अशा घरात एक तापलेलं मूल आलं तर काय होतं? त्या मुलाला दिवसभर मांडीवर घ्यावं लागतं. उरलेली सात मुलं वाऱ्यावर. चार दिवसांनी त्यातली तीन मुलं तापतात. मग तीन आयांच्या रजा जातात. पाळणाघरवालीचं स्वतःचं नातवंड आजारी पडतं, सासूला खोकला लागतो. आणि ती स्वतः पडली तर पाळणाघरच बंद. तिला कुठली आली रजा? एका घरातला ताप असा पाच घरांचा पगार खातो. "मावशी फार कडक आहेत" असं म्हणताना हा हिशेब लक्षात घ्या.

आता आईचा हिशेब बघू. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-ताप येणं डॉक्टर स्वाभाविक मानतात. चार मुलांत राहणाऱ्या मुलाला तर जरा जास्तच. दर वेळी दोन दिवस धरले तरी बारा ते सोळा दिवस झाले. आपल्या राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत, आणि लहान दुकानांना तर तो लागूही होत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत स्वतःच्या आजारपणासाठी वर्षाला ९१ दिवसांपर्यंत भत्ता मिळतो. मुलाच्या आजारपणाचं काय? मुलाला औषध मिळतं, पण आईला मुलापाशी बसायला दिवस मिळत नाही. कंत्राटावरच्या बाईचा तर खाडा म्हणजे सरळ पगारात कपात, आणि तीन खाडे म्हणजे "उद्यापासून येऊ नका."

मग ती काय करते? इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण मोठ्याने कुणी बोलत नाही. सकाळी साडेसहाला मुलाला तापाचं औषध पाजते. अर्ध्या-पाऊण तासात अंग गार पडतं. आठला मूल हसत पाळणाघरात जातं. त्या औषधाचा असर चार ते सहा तास. अकरा-बाराला अंग पुन्हा फणफणतं. तोवर आई दादरच्या पुढे पोचलेली असते. आता फोन केला तरी तिला परत यायला दोन तास. पाळणाघरवालीला वाटतं, आपल्याला फसवलं. आणि ते खरंच असतं. पण ही फसवणूक करणारी बाई दुष्ट आहे का? तिच्यापुढे तिसरा रस्ता कुणी ठेवला आहे?

आमच्याकडे आलेली एक हकिगत सांगते. नावं सांगत नाही. दीड वर्षाचा मुलगा. आईने सकाळी औषध पाजलं आणि सांगितलं नाही, कारण आदल्याच आठवड्यात तिला दारातून परत पाठवलं होतं आणि दोन दिवसांचा पगार गेला होता. अकराच्या सुमाराला मुलगा गरम लागला. पाळणाघरवालीने फोन केला नाही. तिला वाटलं, पुन्हा बोलावलं तर ही मूलच काढून नेईल आणि महिन्याचे पैसे बुडतील. पाऊण तासाने मुलाला झटका आला. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. शेजारच्या कुणी चप्पल हुंगवायला आणली, कुणी दातांत चमचा घालायला धावलं. सुदैवाने दोन मिनिटांत झटका थांबला. रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. मूल ठणठणीत बरं झालं. पण दोन बाया एकमेकींच्या जिवावर उठल्या. एक म्हणाली, तू लपवलंस. दुसरी म्हणाली, तू वेळेवर कळवलं नाहीस.

दोघींना समोरासमोर बसवून मी घटना तासातासाने विचारत गेले. तेव्हा एक गोष्ट बाहेर आली, जी दोघींपैकी एकीच्याही तक्रारीत नव्हती. मुलाचा बाप वालीवच्या एका कारखान्यात कामाला होता. म्हणजे वसईतच, पूर्वेला. रिक्षाने अर्ध्या तासावर. त्याला ही बातमी कळली संध्याकाळी घरी आल्यावर. पाळणाघराच्या वहीत त्याचा नंबरच नव्हता. मी पाळणाघरवालीला विचारलं, "का नाही लिहून घेतला?" ती म्हणाली, "बाप्या माणसाला कामावर कसा फोन करायचा?" आईला विचारलं, "तुम्ही का नाही दिला?" ती म्हणाली, "त्यांना डिस्टर्ब झालेलं आवडत नाही." मैत्रिणींनो, दोन बाया भांडत होत्या आणि जो सगळ्यांत जवळ होता त्याला कुणी हाकच मारली नव्हती. मूल दोघांचं, पण ताप मात्र आईचा. व्यक्तिगत ते राजकीय असं आपण मोर्चात म्हणतो. ते पाळणाघराच्या वहीतल्या एका रिकाम्या रकान्यात असं बसलेलं असतं.

तर आता करायचं काय? मी तीन पातळ्यांवर बोलणार आहे. दारातली, वस्तीतली आणि कायद्याची.

दारातलं भांडण टाळायचं तर नियम सकाळी आठला ठरवून चालत नाही. मूल ठेवतानाच ते ठरावे, कागदावर लिहावेत, त्यावर आई आणि बाप दोघांची सही असावी. त्यात पुढच्या गोष्टी हव्यात.

पहिली गोष्ट, कुठल्या आजारात मूल येऊ शकतं. नाक वाहतंय, थोडा खोकला आहे, पण ताप नाही, मूल खातंय, खेळतंय, तर येऊ द्या. प्रत्येक शेंबड्या नाकाला परत पाठवलं तर पावसाळ्यात एकही पाळणाघर चालणार नाही. उवा झाल्या म्हणूनही घरी पाठवायची गरज नाही, औषध लावायला सांगा.

दुसरी, कुठल्या आजारात मूल घरीच राहावं आणि किती दिवस. ताप असेल तर औषधाशिवाय पुरे चोवीस तास अंग गार राहीपर्यंत. उलट्या-जुलाब थांबून एक-दोन दिवस होईपर्यंत. डोळे आले असतील तर चिपडं येणं थांबेपर्यंत. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर. हात, पाय आणि तोंडात फोड येतात त्या आजारात ताप जाऊन फोड सुकेपर्यंत. खरूज असेल तर औषध सुरू करून एक दिवस होईपर्यंत. गोवरात पुरळ उठल्यापासून निदान चार दिवस. गोवराचं एक लक्षात ठेवा, पुरळ दिसायच्या आधीच चार दिवस तो पसरू लागतो. म्हणजे दारातून परत पाठवून गोवर अडत नाही, तो लसीनेच अडतो. २०२२ साली मुंबईत, गोवंडीपासून, गोवराची साथ पसरली आणि मुलं दगावली, ते आपण पाहिलं आहे. म्हणून मूल ठेवून घेताना लसीकरणाचं कार्ड बघा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पुरे झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. राहिला असेल तर सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. खरं सांगणाऱ्या आईला शिक्षा करू नका. "रात्री अंग गरम होतं, सहाला औषध दिलंय" असं जी सांगते तिला दारातून परत पाठवलं, तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही, आणि तिचं ऐकून दुसरीही सांगणार नाही. नियम असा करा: औषध दिलं असेल तर औषधाचं नाव, किती दिलं आणि किती वाजता, हे वहीत लिहायचं. ज्या घराने खरं लिहिलं, त्या घराला त्या दिवशी मूल न्यायला माणूस उभा करायला दुपारपर्यंत मुदत द्यायची, आणि तोवर मूल वेगळ्या कोपऱ्यात, वेगळ्या चादरीवर ठेवायचं. ही सवलत ताप आणि साध्या दुखण्यापुरती. जुलाब, गोवर, कांजिण्या यांना नाही.

चौथी, फोनचे तीन नंबर. पहिला बापाचा, दुसरा आईचा, तिसरा तासाभरात पोचू शकेल अशा कुणाचा तरी. फोन कुणाला आधी करायचा हे "आईच बरी" या सवयीवर सोडायचं नाही. जो जवळ त्याला आधी. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी भरून गाड्या बंद पडल्या तेव्हा कितीतरी आया मुंबईच्या बाजूला अडकल्या होत्या. तिसरा नंबर त्या दिवसांसाठी.

पाचवी, औषध. डॉक्टरांची चिठ्ठी आणि मुलाच्या नावाची बाटली असल्याशिवाय पाळणाघरात औषध पाजायचं नाही. एका मुलाची उरलेली बाटली दुसऱ्याला तर मुळीच नाही. घरात मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी मात्र कायम ठेवा. जुलाब होणाऱ्या मुलाला मूल न्यायला येईपर्यंत ते घोटघोट पाजा. प्रत्येक मुलाचा टॉवेल आणि वाटी वेगळी, आणि लंगोट बदलल्यावर दर वेळी साबणाने हात. याने निम्मी दुखणी दारातच अडतात.

सहावी, कुणाची वाट न बघता डॉक्टरकडे पळायचं कधी. मूल पाणीही पीत नाही, सगळं उलटून टाकतं, झटका येतो, फार सुस्त पडतं, उठवून उठत नाही, श्वास भराभरा चालतो किंवा श्वास घेताना छातीखालची बाजू आत ओढली जाते. यातलं एक जरी दिसलं तरी आधी दवाखाना, मग फोन. झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं लागेल असं सामान दूर करा, तोंडात काहीही घालू नका. कांदा नको, चप्पल नको. किती वेळ चालला ते घड्याळात बघा. पाच मिनिटांच्या वर गेला तर लगेच रुग्णालय. पहिलाच झटका असेल तर थांबला तरी डॉक्टरांना दाखवायचंच. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तापातला झटका बऱ्याच जणांना येतो आणि बहुतेकांना त्याने कायमची इजा होत नाही. हे माहीत असलं की हात थरथरत नाहीत.

सातवी, पैसे. मूल आजारी म्हणून चार दिवस आलं नाही तर महिन्याचे पैसे कापायचे का? माझं स्पष्ट मत, नाही. तुमचा मालक तुमचा खाडा कापतो तेव्हा तुम्हाला राग येतो ना? मग पाळणाघरवालीचा खाडा तुम्ही कापू नका. तिची जागा, तिचं दूध, तिचा वेळ तुमच्या मुलासाठी राखून ठेवलेला असतो. आणि पैसे कापले जाणार नाहीत हे पक्कं असेल तर तीही "मूल आजारी आहे" हे लपवणार नाही.

दारात बोलायचं कसं, हेही सांगते. "आजारी पोर इथे आणू नका" असं म्हटलं की आईला आपल्या आईपणावर बोट ठेवल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा म्हणा, "ताई, याचं अंग तापलंय, दिवसभर याला मांडी लागेल आणि माझ्याकडे आठ जणं आहेत. कागदावर आपण लिहिलंय तसं बारापर्यंत सांभाळते. याच्या बाबांना आत्ताच फोन करू या, मी करते." आणि आयांनो, तुम्हीही "पैसे देतो ना आम्ही" हे वाक्य विसरा. पैसे मुलाला सांभाळायचे देता. आजारी मुलाची सेवा हे वेगळं काम आहे.

आता दुसरी पातळी. एवढे सगळे नियम पाळले तरी एक बाई उरते. नवऱ्याने टाकलेली किंवा विधवा, कंत्राटी कामावर, मागे-पुढे कुणी नाही. तिच्या वहीत बापाचा रकाना रिकामाच राहणार. तिला आपण काय सांगणार, नियम म्हणजे नियम? मग आपला नियमच तिची नोकरी घालवेल. तिच्यासाठी वस्तीने काहीतरी उभं करायला हवं. माझी सूचना अशी. चार-पाच पाळणाघरांनी आणि त्यांतल्या पालकांनी मिळून दरमहा थोडी वर्गणी काढावी. त्यातून अशा एक-दोन बाया ठेवाव्यात ज्या आजारी मुलाच्या घरी जाऊन दिवसभर बसतील. वर्गणी सगळ्यांची, पण अडीअडचणीला पहिला हक्क एकट्या आईचा. तुम्ही विचाराल, म्हणजे पुन्हा आणखी एक गरीब बाईच राबणार का? हा प्रश्न खरा आहे. म्हणून तिला रोजाचे पैसे पुरे द्या, काम नसेल त्या महिन्यातही ठरलेली रक्कम द्या, आणि तिच्या स्वतःच्या मुलांची सोय आधी करा. फुकटची मदत म्हणून हे काम मागायचं नाही.

हे अशक्य नाही. आपल्याच जिल्ह्यात, बोर्डीला १९४५ पासून आणि पुढे कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. मुंबईत १९७२ पासून मोबाइल क्रेशने बांधकामावरच्या बायांच्या मुलांसाठी कामाच्या जागीच पाळणाघरं चालवली. दोन्ही ठिकाणी आधी बायांची अडचण नीट समजून घेतली गेली.

तिसरी पातळी कायद्याची. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद घेतली आहे. चांगलं आहे. पण चर्चगेटच्या कचेरीत पाळणाघर असून वसईच्या बाईला काय उपयोग? वर्षाचं पोर घेऊन सकाळच्या विरार लोकलमध्ये कोण चढणार? आणि कचेरीतलं पाळणाघरही तापलेलं मूल घेणार नाहीच. पाळणाघर हवंच, पण आजारी मुलाला पाळणाघर हे उत्तर नाही. त्याला घर हवं आणि घरात माणूस हवं. म्हणजे रजा हवी.

केंद्र सरकारने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ साली ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. आपल्या राज्य सरकारने २०१८ साली १८० दिवसांची दिली. सरकारी नोकरीबाहेरच्या बाईच्या हाती यातलं काही नाही. आणि इथेही बापाला ती मिळते ती बायको वारलेली किंवा अंथरुणाला खिळलेली असेल अशा अपवादापुरती. म्हणजे धडधाकट आई असताना बापाने आजारी मुलापाशी बसावं, हे सरकारच्याही डोक्यात येत नाही. स्वीडनमध्ये १९७४ पासून पालक म्हणून रजेचा विमा आई आणि बाप दोघांना आहे. आजारी मुलाच्या देखभालीसाठी तिथे आज बारा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला १२० दिवसांपर्यंत भरपाई मिळते, आणि ती दोघांपैकी कुणीही घेऊ शकतं. तो देश श्रीमंत आहे, मान्य. पण "दोघांपैकी कुणीही" हे दोन शब्द लिहायला पैसा लागत नाही.

म्हणून आपल्या मागण्या अशा मांडाव्यात असं मी सुचवते. मुलाच्या आजारपणासाठी आई-बाप दोघांना स्वतंत्र पगारी रजा, कंत्राटी कामगारांसकट. राज्य विमा योजनेत मुलाच्या आजारपणाचा भत्ता. घरगुती पाळणाघरवालीची नोंद, प्रशिक्षण आणि कामगार म्हणून ओळख. खारघरच्या पाळणाघरात २०१६ साली लहान बाळाला झालेली मारहाण उघड झाली तेव्हा सगळीकडे कॅमेरे लावण्याची भाषा झाली. देखरेख हवीच. पण सात-आठ मुलं एकटीने सांभाळणाऱ्या बाईला मदतनीस कोण देणार, हे कुणी विचारलं नाही. आपण विचारायचं.

शेवटी आज लगेच करायचं काम. सगळ्या पाळणाघरवाल्यांनी वह्या आणल्या आहेत. भाषण संपलं की आई आणि पाळणाघरवाली अशा जोडीने बसा. बापाच्या नंबराचा रकाना भरा. ज्या घरचे बाप बाहेर स्कूटरवर वाट बघत थांबले आहेत, त्यांना आत बोलवा आणि सही त्यांच्याच हाताने घ्या. वर्गणी किती असावी यावर त्यांच्यासमोरच बोलू.